बुडालेल्या नगराचा उद्धार

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असा एखादा आजा किंवा पणजा होऊन गेला असेल कीं, ज्याचा दिवस गिरणीच्या भोंग्यानें उगवत असे व भोंग्यानेंच मावळत असे. मुंबईंतील गिरणगांव काय किंवा सोलापूर काय, तेथील बहुतेक भोंगे आतां मुके झाले आहेत. भोंगा मुका झाला म्हणजे केवळ एक कारखाना बंद पडतो असें नव्हे. त्याच्या आधारावर उभ्या असलेल्या चाळी, खानावळी, दुकानें, शाळा, भजनी मंडळें व तालमी या सर्वांचाच आधार सुटतो. असें झालेलें नगर पुन्हां उभें राहूं शकतें काय, व राहूं शकत असल्यास कोणत्या मार्गानें, हा प्रश्न आम्हीं या लेखांत विचारासाठीं घेतला आहे. त्याचें उत्तर शोधण्याकरितां आम्ही वाचकांस अमेरिकेंतील डेट्रॉइट या नगरीं घेऊन जाणार आहों. कारण उद्योगाच्या जोरावर इतकें उंच चढलेलें व इतकें खोल पडलेलें दुसरें नगर सहसा आढळत नाहीं.

व्यापाऱ्याचें दिवाळें वाजल्याचें आपण ऐकतों. त्याची पेढी बंद होते, मालाचा लिलाव होतो, आणि सावकार आपापला वांटा घेऊन घरीं जातात. परंतु एखाद्या सबंध नगराचेंच दिवाळें वाजलें तर? नगराची पेढी बंद करितां येत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नळाला पाणी यावेंच लागतें, केरकचरा उचलावाच लागतो, आग लागली तर बंब धांवावाच लागतो. १८ जुलै २०१३ रोजीं डेट्रॉइट नगरानें न्यायालयांत दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हां त्याच्या डोक्यावर सुमारें १,८०० कोटी डॉलरांचें देणें होतें. अमेरिकेंत तोंपर्यंत कोणत्याही नगराचें इतकें मोठें दिवाळें निघालें नव्हतें.

हें नगर कांहीं मुळांतच दरिद्री नव्हतें. १७०१ सालीं कादियाक नांवाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानें तें एका जलप्रवाहाच्या कांठीं वसविलें. 'डेट्रॉइट' या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळीं 'अरुंद जलमार्ग' असा आहे. १९०३ सालीं हेन्री फोर्ड यांची मोटार कंपनी येथें निघाली, १९०८ सालीं त्यांची 'मॉडेल टी' गाडी बाजारांत आली, आणि १९१३ सालीं हायलंड पार्क येथील त्यांच्या कारखान्यांत सरकत्या सांखळीवर गाड्या जुळविण्याची रीत सुरू झाली. पूर्वीं माणूस गाडीपाशीं जात असे. आतां गाडीच माणसापाशीं येऊं लागली. जो सांगाडा जुळविण्यास बारा तासांहून अधिक वेळ लागे, तो सुमारें दीड तासांत तयार होऊं लागला. पुढील वर्षींच्या जानेवारींत फोर्ड यांनीं आठ तासांच्या कामास दिवसाकांठीं पांच डॉलर मजुरी जाहीर केली. पूर्वींच्या मजुरीच्या दुपटीहून ती अधिक होती. मग काय विचारतां! देशोदेशींचे मजूर या नगराकडे लोटले. १९०० सालीं जेथें २,८५,७०४ माणसें राहात होतीं, तेथें १९५० सालीं १८,४९,५६८ माणसें राहूं लागलीं.

मग हें वैभव गेलें कोठें? परदेशच्या मोटारींनीं तें गिळलें, असें उत्तर सामान्यतः दिलें जातें. त्यांत सत्य आहे, पण तें अर्धेंच. परदेशच्या गाड्यांचा लोंढा येण्यापूर्वींच नगरास ओहोटी लागली होती. पॅकार्ड कंपनीचा प्रचंड कारखाना १९५६ सालींच थांबला. जुने कारखाने मजल्यांवर मजले चढवून बांधलेले होते. नव्या पद्धतीस ऐसपैस जमीन हवी होती, ती नगराबाहेर स्वस्त मिळाली. रुंद राजमार्ग झाले, आणि जी मोटार या नगरानें घडविली तिच्यांतच बसून सुस्थितींतील कुटुंबें नगर सोडून उपनगरांत गेलीं. तीं बहुतेक गोरीं होतीं. काळ्या कुटुंबांस तेथें घर मिळत नसे, घरासाठीं कर्जही मिळत नसे. एकाच कारखान्यांत खांद्यास खांदा लावून राबणारे हात सायंकाळीं एकमेकांचे शेजारी होऊं शकत नव्हते. या अन्यायाचें विष मुरत गेलें. १९४३ सालच्या दंगलींत ३४ व १९६७ सालच्या दंगलींत ४३ माणसें प्राणांस मुकलीं. ज्या नगराचे रहिवासी एकमेकांस शेजारी मानीत नाहींत, त्याच्या पायांतील वीट आधींच निखळलेली असते.

२०१० सालीं वस्ती ७,१३,७७७ वर आली. परंतु नगराचा विस्तार १३९ चौरस मैल होता तो तेवढाच राहिला. तेच रस्ते, तेच नळ, तींच गटारें. फक्त त्यांचा खर्च सोसणारीं माणसें निम्म्याहूनही कमी. कर वाढवावा तर आणखी लोक जाणार. न वाढवावा तर दिवे विझणार. अशा संकटीं कारभाऱ्यांनीं अंथरूण पाहून पाय पसरावयाचे, तें न करितां कर्जाचा मार्ग धरिला. २००५-०६ सालीं निवृत्तिवेतनाच्या निधींत भर घालण्यासाठीं सुमारें १४० कोटी डॉलरांचें कर्ज काढण्यांत आलें, व त्याबरोबर व्याजदराचे असे कांहीं करार केले गेले कीं, पुढें व्याजाचे दर पडतांच नगरच अडचणींत आलें. ऋण काढून सण करूं नये असें आपले वडील सांगत. येथें तर सणही नव्हता. जुनें ऋण फेडण्यासाठींच नवें ऋण होतें. त्यांतच एक माजी महापौर खंडणी व लांचलुचपतीच्या गुन्ह्यांबद्दल २०१३ सालीं दोषी ठरले. दुष्काळांत तेरावा महिना म्हणतात तो हाच.

नगर वांचविण्याचे प्रयत्न त्यापूर्वीं झाले नव्हते असें नाहीं. पण ते कोणत्या जातीचे होते हें पाहण्यासारखें आहे. १९७७ सालीं नदीच्या कांठीं कांचेचे उत्तुंग मनोरे उभारण्यांत आले, व त्यांस 'रेनेसान्स सेंटर', म्हणजे पुनर्जन्माचें केंद्र, असें नांव देण्यांत आलें. मनोरे उभे राहिले; नगर बसलेलेंच राहिलें. १९८१ सालीं एका मोठ्या मोटार कंपनीस नवा कारखाना हवा होता, म्हणून नगरपालिकेनें पोलटाउन नांवाची जुनी वस्ती कायद्याच्या बळानें ताब्यांत घेतली. चार हजारांहून अधिक माणसें उठविण्यांत आलीं. हजाराहून अधिक घरें, दुकानें व प्रार्थनामंदिरें पाडण्यांत आलीं. आपलें मंदिर वांचावें म्हणून कांहीं वृद्ध स्त्रीपुरुष त्यांत ठाण मांडून बसले होते. शेवटीं पोलिसांनीं त्यांस बाहेर काढलें. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें त्या वेळीं हें कृत्य कायदेशीर ठरविलें. पण त्याच न्यायालयानें २००४ सालीं दुसऱ्या एका खटल्यांत आपलें तें मत चुकीचें होतें असें मान्य केलें. निर्णय फिरला, पण घरें परत आलीं नाहींत. कारखाना झाला, कांहीं हजार लोकांस कामही मिळालें. तरी नगराची घसरण थांबली नाहीं. जें नगर वांचवावयाचें त्यांतील माणसांनाच उठवून तें वांचवितां येतें, अशी ही समजूत होती.

आतां आम्ही त्या प्रसंगाकडे येतों, ज्याकरितां हा लेख लिहावयास घेतला. दिवाळें निघालें त्या वेळीं नगराच्या मालकीची एक वस्तु मात्र अमोल होती. ती म्हणजे तेथील कलामंदिरांतील चित्रें. त्यांत ब्रूगल या जुन्या चित्रकाराचें खेडवळ लग्नांतील नृत्याचें चित्र आहे. आणि डिएगो रिव्हेरा यांनीं १९३२-३३ सालीं भिंतींवर काढलेलीं डेट्रॉइटच्या कामगारांचीं चित्रें आहेत. नगराच्या पैशानें विकत घेतलेल्या चित्रांचीच किंमत ४५ ते ८७ कोटी डॉलरांच्या दरम्यान ठरविण्यांत आली. सावकार म्हणाले, "चित्रें विका आणि आमचें देणें भागवा." उलट बाजूस हजारों निवृत्त नोकर होते. कोणी रस्ते झाडले होते, कोणी बस हांकली होती, कोणी वाचनालयांत पुस्तकें दिलीं होतीं. त्यांतील सामान्य नोकरांचें निवृत्तिवेतन सरासरीनें वर्षास वीस हजार डॉलरांच्या आंत होतें. तें कापलें जाणार होतें. एका पारड्यांत म्हाताऱ्याची भाकर, दुसऱ्या पारड्यांत पूर्वजांचा ठेवा. वाचकांनीं क्षणभर न्यायासनावर बसून पाहावें. काय निकाल दिला असता?

आमचें मत आम्ही स्पष्ट सांगतों. निवृत्तिवेतन हें दान नव्हे; तें मागाहून द्यावयाचें वेतनच होय. काम घेऊन झालें आहे, मोबदला राहिला आहे. म्हणून या दोहोंतून एकच राखणें प्राप्त झालें असतें, तर आम्ही 'आधीं पोटोबा, मग विठोबा' याच न्यायानें म्हाताऱ्याच्या बाजूस उभे राहिलों असतों. परंतु चित्रें विकणें हें शहाणपणाचें होतें असेंही आम्हांस वाटत नाहीं. घरांतील ठेवा एकदांच विकतां येतो. दुसऱ्या वर्षीं काय विकावें? आणि ज्या नगरांत मुलांस पाहण्यासारखें, अभिमानानें दाखविण्यासारखें कांहींच उरलें नाहीं, तेथें कोणी कशासाठीं राहावें?

सुदैवानें तिसरा मार्ग निघाला. मध्यस्थी करणाऱ्या न्यायाधीशांनीं धर्मादाय संस्था, राज्य सरकार व कलामंदिराचे चालक यांस एकत्र बोलाविलें. त्यांनीं मिळून वीस वर्षांत ८१ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देण्याचें कबूल केलें. ती निवृत्तिवेतनासाठीं वापरावयाची, आणि त्या बदल्यांत चित्रें एका स्वतंत्र विश्वस्त संस्थेच्या हवालीं करावयाचीं, असें ठरलें. निवृत्त नोकरांस त्यांतूनही झीज सोसावी लागली. सामान्य नोकरांच्या वेतनांत साडेचार टक्के कपात झाली, महागाईप्रमाणें मिळणारी वाढ बंद झाली, औषधोपचाराची सवलत तर फारच आटली. पण तडजोड झाली नसती तर घाव पुष्कळच खोल बसला असता. त्यांनीं स्वतः मत देऊन ही तडजोड मान्य केली. कांहीं सावकारांस मात्र रुपयामागें थोड्या आण्यांवर समाधान मानावें लागलें. अशा रीतीनें सुमारें ७०० कोटींचें देणें उतरून १० डिसेंबर २०१४ रोजीं नगर दिवाळखोरींतून बाहेर पडलें.

आमच्या मतें नगराच्या उद्धाराचें बीज येथें आहे. उद्धार मनोऱ्यांपासून सुरू होत नाहीं, तो दिलेलें वचन शक्य तितकें पाळण्यापासून सुरू होतो. त्यानंतर जीं कामें झालीं तींही पाहा. २०१३ सालीं रस्त्यांवरील सुमारें चाळीस टक्के दिवे बंद होते. अंधारांत मुलें शाळेस निघत, अंधारांत आया कामावरून परत येत. २०१६ सालच्या अखेरपर्यंत सुमारें ६५,००० नवे दिवे लागले. नगरांत सुमारें ७८,००० ओसाड इमारती होत्या. त्यांपैकीं पडावयास आलेल्या हजारों पाडण्यांत आल्या, आणि राहण्याजोगीं कांहीं घरें, तीं दुरुस्त करून राहण्याच्या अटीवर, लोकांस विकण्यांत आलीं. रँडॉल्फ नांवाची धंदेशिक्षणाची जुनी शाळा सुधारून तेथें दिवसा विद्यार्थ्यांस व सायंकाळीं प्रौढांस सुतारकाम, गवंडीकाम, वीजकाम इत्यादि शिकविण्याची सोय झाली. दिवा, घर आणि हातांत कसब. या गोष्टींचें उद्घाटन करावयास कोणी मोठा पाहुणा येत नाहीं, पण माणूस नगरांत राहतो तो यांच्याच भरंवशावर.

याचा अर्थ सर्वच कांहीं नीट झालें असा नव्हे. २०१४ सालीं बिलें थकलीं म्हणून हजारों घरांचें पाणी तोडण्यांत आलें. घरांच्या किंमती फाजील धरून अनेक वर्षें अवाजवी कर आकारण्यांत आला, व तो न भरतां आल्यामुळें अनेक कुटुंबें घरास मुकलीं. आजही नगराचा मध्यभाग झगमगत आहे. पण रहिवाशांपैकीं सुमारें तिघांमागें एक दारिद्र्यांत आहे. म्हणून उद्धार पुरा झाला असें आम्ही म्हणत नाहीं. सुरू झाला इतकेंच म्हणतों. २०२३ सालीं, १९५७ नंतर प्रथमच, नगराची वस्ती घटण्याऐवजीं किंचित् वाढली असा सरकारी अंदाज निघाला. साठांहून अधिक वर्षें उतरणारें पाणी थांबलें, हेंही थोडें नव्हे.

येथें एक आक्षेप येईल, व तो विद्वानांचा आहे. ते म्हणतात, "नगरें वांचवूं नका, माणसें वांचवा. जेथें काम असेल तेथें माणसांनीं जावें. ओस पडणारें नगर ओस पडूं द्यावें." या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. नगर पूर्वीं होतें तेवढेंच मोठें झालें पाहिजे, हा हट्ट आम्हीही धरणार नाहीं. परंतु जातो कोण आणि मागें राहतो कोण? तरणा, शिकलेला, चार पैसे गांठीस असलेला जातो. म्हातारा, आजारी, निर्धन मागें राहतो. त्याच्या घराला गिऱ्हाईक नसतें, मग तो दुसरीकडे घर घेणार कशानें? शिवाय सर्वच कसबें उचलून नेतां येत नाहींत. लोहाराच्या शेजारीं सुतार, सुताराच्या शेजारीं रंगारी, अशी पिढ्यान् पिढ्या जमलेली जी विद्या, ती माणसें विखुरलीं म्हणजे नाहींशी होते. नगर म्हणजे अशा माणसांची गुंफण होय. ती उसवली कीं एकेका माणसास वांचविणें अधिकच महाग पडतें.

आतां थोडें आपल्या घराकडे पाहूं. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं स्थापन केली. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष कामगार होते. त्यांतील असंख्यांस पुन्हां गिरणीचें दार उघडलें नाहीं. मुंबईचें दिवाळें निघालें नाहीं. उलट गिरण्यांच्या जमिनीस सोन्याचा भाव आला. १९९१ सालच्या नियमानें त्या जमिनीचा एक भाग मोकळ्या जागांस व एक भाग सामान्यांच्या घरांस मिळावयाचा होता. २००१ सालच्या दुरुस्तीनें तो वांटा फक्त रिकाम्या जमिनीपुरताच राहिला, आणि २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही ती दुरुस्ती उचलून धरिली. लालबाग-परळांत आज गगनचुंबी इमारती आहेत. पण त्यांच्या छायेंत गिरणी कामगारांचीं मुलें नातवंडें हक्काच्या घराची वाट पाहात किती वर्षें काढीत आहेत! नगर श्रीमंत झालें म्हणजे त्याचा उद्धार झाला असें नव्हे, हें समजण्यास आपणांस अमेरिकेस जावयास नको.

डेट्रॉइटचें भव्य रेल्वे स्टेशन १९१३ सालीं उघडलें व १९८८ सालीं बंद पडलें. तीस वर्षें तें भग्न उभें होतें. लोकांनीं त्यांतील हाताला लागेल तें नेलें. २०१८ सालीं फोर्ड कंपनीनें तें विकत घेऊन दुरुस्तीस काढलें. ती बातमी पसरल्यावर कोणा अज्ञात इसमानें तेथून गेलेलें एक जुनें घड्याळ, आपलें नांव न सांगतां, गुंडाळून परत ठेविलें. २०२४ सालच्या जून महिन्यांत ती वास्तु पुन्हां उघडली. ज्या दिवशीं तें घड्याळ परत आलें, त्या दिवशीं एका माणसास तरी आपलें नगर पुन्हां आपलें वाटलें असलें पाहिजे.

विद्यार्थिमित्रांनो, शेवटीं तुमच्यासाठीं एक जुनी हकीकत. ११ जून १८०५ रोजीं डेट्रॉइट जवळजवळ सबंध जळून गेलें होतें. त्या वेळीं गब्रिएल रिशार हे धर्मगुरु तेथें होते. अधिक चांगल्या दिवसांची आम्ही आशा धरितों, आणि राखेंतून नगर पुन्हां उठेल, या अर्थाचे त्यांचे लॅटिन शब्द पुढें नगराचें ब्रीद झाले. परंतु ते नुसते शब्द बोलून थांबले नाहींत. १८०९ सालीं त्यांनीं नगरांत छापखाना आणला. १८१७ सालीं जॉन मॉन्टीथ या दुसऱ्या पंथाच्या धर्मोपदेशकाबरोबर विद्यापीठाचा पाया घातला. आणि १८३२ सालच्या पटकीच्या साथींत रोग्यांची सेवा करीत असतां देह ठेविला. राखेंतून नगर उठतें तें असें.

तुमच्यापैकीं कोणी पुढें नगरपालिकेंत बसेल, कोणी कारखाना काढील, कोणी त्यांत काम करील. त्या वेळीं कोणी भव्य मनोऱ्याचा नकाशा तुमच्यापुढें पसरला, तर आधीं एवढेंच विचारा: "आपल्या गल्लींतील म्हाताऱ्याचें काय? सायंकाळीं तिच्यांत दिवा लागतो काय? त्याला दिलेलें वचन आपण पाळलें आहे काय?" या प्रश्नांचें उत्तर होकारार्थी असेल, तर मनोरा खुशाल बांधा.